एका बाजूने करपलेली वांगी

१

हिलाल मेला शनिवारी, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या पांडेसऱ्याने त्याला दारुडा ठरवून टाकलं. मेलेल्या माणसाला एक बरं असतं, तो भांडायला येत नाही.

मी मंगलाबाई. माझी खाणावळ आहे, सुरतेच्या पांडेसऱ्यात, नीलधारा प्रोसेसर्स या कापड रंगवायच्या गिरणीच्या मागच्या गेटासमोर. मूळची अमळनेरकडची. ऐंशी माणसं माझ्याकडे जेवतात, त्यातली साठ नीलधाराने दिलेल्या जेवणाच्या कुपनावर. माझ्या तोंडाला लोक भितात आणि माझ्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीसाठी तरी येतात. हिलाल त्या गिरणीचा बॉयलरवाला, आमच्याच तालुक्यातला, माळकरी. मला तो धाकट्या भावासारखा होता, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी चिडले तर का चिडले हे विचारू नका.

सुरतेत प्लेग होऊन दोन वर्षं झाली होती. त्या सालात गिरण्यांमध्ये नवंच वारं शिरलं होतं. कोळशाच्या धुराने म्हणे साऱ्या पृथ्वीची हवा तापते. म्हणून परदेशातल्या कुठल्याशा सरकारने मुंबईच्या एका बँकेकडे पैसा ठेवला होता. जी गिरणी कोळसा सोडून गॅसवर येईल तिला निम्म्या व्याजाने कर्ज. कल्पना वाईट नव्हती. आमच्याकडे सकाळी वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी राखाडी होऊन परत यायचं, पोरांच्या छातीत बारा महिने घरघर. धूर कमी होणार असेल तर कोणाला नको?

नीलधाराच्या शेठने पहिला नंबर लावला. गॅसचा नवा बॉयलर आला, निळा रंग, पितळी कॉक, हार घातलेला फोटो. जुना कोळशाचा बॉयलर भंगारात गेला असा कागद झाला. प्रत्यक्षात तो पांढऱ्या भिंतीमागे तसाच रोज जळत होता, कारण गॅसचं बिल कोळशाच्या दुप्पट. त्याचा धूर जमिनीखालून शेजारच्या गिरणीच्या चिमणीत सोडला होता, आणि ती गिरणी शेठच्याच भावाची. पांडेसऱ्यात शंभर चिमण्या, कोणाचा धूर कोणाचा हे कोण मोजतो? आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी बोलत नव्हतं, मीसुद्धा नाही. पगार त्याच वाफेवर होता आणि माझी कुपनंही.

त्या शनिवारी बँकेचा साहेब गॅसचा बॉयलर बघायला येणार होता. मॅनेजर भाईदासने आदल्या दिवशी सगळ्या खात्यांत सांगितलं की जुनी भट्टी शुक्रवारीच विझवली, शनिवारी फक्त गॅस, हिलालला सुट्टी. साहेब दहाला आला, साडेबारापर्यंत फिरला, ऑफिसात जेवला, दीडला गेला. दोन वाजता हिलाल गॅसच्या बॉयलरच्या खोलीत मेलेला सापडला. शर्टाला दारूचा भपकारा.

भाईदासचं म्हणणं सरळ होतं. सुट्टीच्या दिवशी हिलाल प्यायला, झिंगत आत शिरला, तिथे झोपला. त्या खोलीत साहेबासमोर बॉयलर चालवायला गजेंद्र होता. त्याने जेवायला जाताना कॉक नीट बंद केला नाही, गॅस भरला, माणूस गुदमरून मेला. गजेंद्र हा हिलालच्या बायकोचा, पुष्पाबाईचा, सख्खा भाऊ. तीन वाजता पोलिसांनी त्याला उचललं. सोमवारी त्याला कोर्टात उभा करणार होते.

पोस्टमॉर्टेम कागदोपत्री उरकून संध्याकाळी त्याच्या नवागामच्या खोलीवर मयत आणलं. पुष्पाबाई रडत नव्हती. माझा हात धरून म्हणाली, "मावशी, एक गेला. दुसरा तरी आणून दे."

२

रविवारी सकाळी माझी कामवाली भागीरथी गेटावरून घमेलं घेऊन आली. वर गोणपाट झाकलेला.

या घमेल्याची गोष्ट सांगावी लागेल. आमच्या खानदेशात भरताचं वांगं काड्यांच्या जाळावर भाजतात. सुरतेत काड्या कुठून आणायच्या? आणि साठ-सत्तर वांगी स्टोव्हवर भाजायची म्हणजे रॉकेलचं दिवाळं. म्हणून दर शनिवारी उधना स्टेशनला भुसावळ पॅसेंजरने आलेली वांगी मी घमेल्यात घालून गिरणीच्या मागच्या गेटावर पाठवायची. हिलाल भट्टीतले निखारे आणि राख बाहेर ओढायचा, त्यात वांगी लावायचा, दहा-दहा मिनिटांनी फिरवायचा. अकरापर्यंत घमेलं परत. निखारे गिरणीचे, वांगी माझी. चार वर्षं हे चाललं होतं, आणि भाईदासला त्याचा पत्ता नव्हता.

त्या शनिवारी तर भाईदासनेच भरत सांगितलं होतं. बँकेचा साहेब मराठी, वर्ध्याकडचा, त्याला आपल्याकडचं जेवण द्यायचं. म्हणून मी सकाळी नऊला नेहमीप्रमाणे घमेलं पाठवलं. भट्टी विझवल्याचं मला कोणी सांगितलं नव्हतं, खाणावळवालीला कोण सांगतो? अकरा वाजले, बारा वाजले, घमेलं आलं नाही. शेवटी हिलालला चार शिव्या देऊन मी स्टोव्हवर डझनभर वांगी भाजली आणि साहेबाचा डबा पाठवला. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या शिव्या मी परत घेईन, त्या चार आधी.

तर रविवारी घमेलं आलं. मी गोणपाट काढला. वांगी राखेने माखलेली. एक उचललं. खालची बाजू जळून कोळसा, वरची बाजू हिरवी, कच्ची. दुसरं उचललं, तसंच. साठच्या साठ.

मी भागीरथीला विचारलं, हे कोणी दिलं. ती म्हणाली, वॉचमन बळीरामने. काही बोलला का, तर नाही. मान वर केली नाही त्याने.

गॅसच्या बॉयलरला राख नसते.

३

आधी मी चौकीत गेले, गजेंद्रचा डबा घेऊन. गजेंद्र पंचविशीचा पोरगा, एका रात्रीत त्याचं तोंड उतरलं होतं. कॉक बंद केला होता का, एवढंच मी विचारलं. तो म्हणाला, बंद केला, ज्योत विझताना डोळ्यांनी पाहिली, आणि त्याआधी साहेबाने त्याच खोलीत उभं राहून दोन सिगारेटी ओढल्या. गळती असती तर आम्ही सगळेच उडालो असतो. मी विचारलं, हिलाल कुठे होता? तो म्हणाला, दाजींना सुट्टी होती, मी त्यांना सकाळपासून पाहिलंच नाही. त्याला खरंच काही माहीत नव्हतं. खोटं बोलणारा माणूस भाकरी चावत चावत बोलतो, हा भाकरी हातात धरून बसला होता.

मग पुष्पाबाई. तिला मी कपड्यांचं विचारलं. हिलाल सकाळी सहाला गेला तो भट्टीवरचा शर्ट घालून, ठिणग्यांनी भोकं पडलेला. सुट्टी आहे असं काही बोलला नव्हता, आज उशीर होईल एवढंच म्हणाला. सुट्टीचा दिवस असता तर तो शर्ट कोण घालेल? तिने आणखी एक सांगितलं. मयताच्या तोंडात पाणी घालताना ती अगदी जवळ वाकली होती. शर्टाला वास होता, तोंडाला नव्हता.

आणि चेहरा. तो मीही पाहिला होता. गाल लाल, उन्हातून चालत आलेल्या माणसासारखे. शनिवारी मला त्याचं काही वाटलं नाही. रविवारी वाटलं. मी दहा वर्षांची असताना आमच्या गावात थंडीत दोघं नवरा-बायको पेटती शेगडी खोलीत घेऊन, दार लावून झोपले. सकाळी दोघांचे गाल असेच लाल होते. माझी आई म्हणायची, निखाऱ्याचा धूर दिसत नाही, म्हणून तो वाईट.

दुपारी भाईदास स्वतःच खाणावळीत आला. पान खाऊन, पांढऱ्या बुटात. "मंगलाबेन, जे थयुं ते थयुं," झालं ते झालं, असं म्हणाला, आणि पुढच्या महिन्यापासून आणखी वीस कुपनं माझ्याकडे लावतो म्हणाला. मी मागितली नव्हती. सोमवारी साहेब मुंबईला जायच्या आधी त्याला परत एकदा भरत खायचंय, आज संध्याकाळी इथेच आणतो, पण साहेबासमोर मयताचा विषय नको, असंही बजावलं. न मागता देणाऱ्या माणसाचा हात आधी धुऊन बघावा. मी हसून हो म्हटलं.

जाताना त्याची नजर कोपऱ्यातल्या घमेल्यावर गेली. हे काय, असं त्याने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

४

बळीराम वॉचमन परभणीकडचा. पन्नाशीचा, गरीब स्वभावाचा, गळ्यात माळ. गिरणीच्या सगळ्या किल्ल्या त्याच्या कमरेला. चार वाजता त्याची पाळी सुटली तेव्हा मी त्याला चहाला बसवलं आणि घमेलं त्याच्यापुढे ठेवलं.

"बळीरामदादा, हे फेकून का नाही दिलं?"

तो बशीकडे बघत म्हणाला, "दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं द्यावं, मावशी? आणि अन्न. टाकवेना मला."

त्या माणसाने एक मयत उचलून इकडून तिकडे नेलं होतं आणि त्याला वांगी टाकवेनात. मी हसावं की रडावं? त्याच्या आईने लहानपणी शिकवलेली ती एक गोष्ट त्याने पाळली नसती, तर आज मला काही कळलं नसतं.

पुढचं त्याने आपणहून सांगितलं. भट्टी विझवलेलीच नव्हती. कोळशाची भट्टी एकदा थंड केली की परत वाफ धरायला अख्खी पाळी जाते, आणि एकट्या गॅसवर सगळी यंत्रं चालत नाहीत. म्हणून भाईदासने आग राखेखाली दाबून ठेवायला लावली. ती भडकू नये म्हणून धुराड्याची झडप बंद. खिडक्या तर आधीच विटांनी चिणलेल्या. पण पेटलेला बॉयलर माणसाशिवाय सोडता येत नाही, पाणी उतरलं तर फुटतो. म्हणून हिलालला आत बसवलं, आणि साहेबाने चुकून दार ढकलू नये म्हणून बाहेरून कुलूप. एका तासाची गोष्ट आहे, असं भाईदास म्हणाला होता. किल्ली बळीरामने लावली. कुलूप घालायच्या आधी माझं घमेलं त्यानेच आत सरकवलं, आणि हिलाल हसून म्हणाला होता, बरं झालं, नुसतं बसून काय करू.

एक तास म्हणता म्हणता तीन तास झाले. साहेब फोटो काढत होता, प्रश्न विचारत होता, परत चहा पीत होता. दीडला तो गेल्यावर कुलूप काढलं, आणि भाईदासच्या हुकमाने बळीरामने मयत गॅसच्या खोलीत नेलं.

मी विचारलं, "आतून काही आवाज आला होता का?"

बळीरामने चहाची बशी खाली ठेवली. मग गळ्यातली माळ मुठीत धरली.

५

साडेसहाला साहेब आला. किरण नाव, तिशीचा इंजिनिअर, चष्मा, शर्टाच्या खिशात दोन पेनं. मला मावशी म्हणाला. भाईदास शेजारी बसला. बळीरामला मी आत चुलीजवळ बसवून ठेवलं होतं. ताटं मांडली, भाकरी वाढली, आणि भरताच्या जागी दोघांच्या ताटांत घमेल्यातलं एक एक वांगं ठेवलं.

भाईदास चिडला. किरणसाहेब हसला, म्हणाला, मावशी, हे तर अर्धं कच्चं आहे.

मी म्हटलं, "हो साहेब. हे तुमच्याचसाठी भाजत होता तो. फिरवायला जगला नाही."

मग मी सगळं सांगितलं, एकेक करून, न ओरडता. वांग्यावर राख आहे, म्हणजे शनिवारी कोळशाची भट्टी चालू होती. साठ वांग्यांना एकाच बाजूने आग लागली, म्हणजे लावणारा पहिल्या दहा मिनिटांनंतर हात हलवू शकला नाही, आणि हिलालसारखा माणूस वांगी करपू देत नाही. तो दहानंतर थोड्याच वेळात पडला असणार. त्याचे गाल लाल होते, ते बंद खोलीतल्या निखाऱ्याने होतात. गॅसच्या खोलीत तुम्ही सिगारेट ओढलीत, म्हणजे तोवर गळती नव्हती, आणि जाताना गजेंद्रने ज्योत विझलेली पाहिली. दारू शर्टावर होती, तोंडात नव्हती, म्हणजे ओतणारा दुसरा कोणी. आणि माणूस एका खोलीत मेला, सापडला दुसऱ्या खोलीत, म्हणजे मधे उचलणारे हात होते.

बळीराम बाहेर आला आणि त्याने कुलपाचं सांगितलं.

भाईदास साहेबाकडे बघत होता, मी साहेबाकडे बघत होते. किरणने ताट बाजूला सारलं.

"मी ठोकण्याचा आवाज ऐकला होता, मावशी," तो म्हणाला. "भिंतीतून. दहा-सव्वादहाला. मी विचारलं. हे म्हणाले, पाइपात पाणी अडकलं की असं ठोकतं. तसं खरंच होतं. मी वहीत लिहून घेतलं."

गॅसच्या मीटरचा आकडाही त्याला कमी वाटला होता. त्यावर भाईदास म्हणाला होता की प्लेगपासून गिरणी अर्ध्याच पाळीवर आहे. तेही त्याने लिहून घेतलं. त्याच्या वहीत सगळं होतं. शिकलेला माणूस, फक्त दार ढकलायचं राहिलं.

आता मला जे खातं ते सांगते. झडप बंद होती, खिडक्या बंद होत्या, कुलूप होतं, हे भाईदासचं पाप. पण आग राखेखाली दाबलेली होती. ती भट्टीतून जमिनीवर ओढली हिलालने, माझ्या वांग्यांसाठी. साठ वांग्यांचे निखारे बंद खोलीत. ते ओढले नसते तर तो तीन तास काढून बाहेर आला असता की नसता, हे कोणी मला सांगू शकत नाही. मी किरणला विचारलं, तुम्ही इंजिनिअर आहात, सांगा.

तो उठला, म्हणाला, मी हे लिहिणार. उद्या सकाळी मुंबईला फोन करतो आणि लिहितो. भाईदास घाबरला असेल असं तुम्हाला वाटेल. त्याने रुमालाने हात पुसले आणि शांतपणे म्हणाला, करा ना, साहेब.

६

सोमवारी सकाळी किरण एसटीडी बूथमध्ये पाऊण तास होता. मी बाहेर उभी होते. काचेतून दिसत होतं, आधी तो बोलत होता, मग नुसता ऐकत होता.

बाहेर आल्यावर त्याने मला खरं ते सांगितलं, एवढं त्याचं मी मानते. बँकेचे वरचे साहेब म्हणाले, परदेशातून आलेल्या त्या पैशातली नीलधारा ही पहिली गिरणी. तिचा फोटो परदेशी पाठवलेला. ती खोटी निघाली तर मागे रांगेत असलेल्या चौदा गिरण्यांचं कर्ज थांबतं, त्यातल्या काही खरोखर गॅसवर जाणार आहेत. इथे कर्ज परत मागितलं तर गिरणी बंद, अकराशे माणसं रस्त्यावर. मयत हा पोलिसांचा विषय, बँकेचा नाही. तुला बघायला पाठवलं होतं गॅस पेटतो का, तर पेटला का?

"पेटला होता," किरण म्हणाला. "तेवढंच लिही म्हणाले."

मी त्याला विचारलं, आणि तू? त्याची पुण्याला बायको बाळंत होती, नोकरी दोन वर्षांची. पण एक गोष्ट त्याने केली. भाईदासला सांगितलं, गजेंद्र आज सुटला नाही तर मी मीटरचा आकडा लिहीन. भाईदास लगेच हो म्हणाला. माणसं सोडवणं त्याला काही अवघड नव्हतं, फक्त दोष कुठेतरी ठेवावा लागतो. गजेंद्रवर नाही तर मग हिलालवर. त्यानेच नशेत कॉक फिरवला, असं. त्यासाठी पुष्पाबाईच्या सहीचा कागद हवा.

मी भाईदासच्या अंगावर गेले. तोंडाला येईल ते बोलले. बळीरामला म्हटलं, चल, पोलिसांच्या मोठ्या साहेबाकडे जाऊ, तू सांग. त्याने माझे पाय धरले. कुलूप त्याच्या हाताने लागलं होतं, कोणी तुरुंगात गेलं असतं तर आधी तोच गेला असता, आणि त्याच्या घरी तीन मुली. मी वर्तमानपत्रात जाईन म्हटलं. तेव्हा पुष्पाबाईने मला गप्प केलं. तिला मी सकाळीच सगळं सांगितलं होतं, वांग्यांचंसुद्धा. ती मला एक शब्द बोलली नव्हती.

तिने भाईदासला एवढंच विचारलं, "भाऊ आज सुटेल?"

"चार वाजेपर्यंत."

तिने कागद घेतला. चौथी शिकलेली, सही येत होती. कागदावर लिहिलं होतं की माझ्या नवऱ्याला दारूचं व्यसन होतं, सुट्टी असताना तो न विचारता आत गेला, कोणाबद्दल तक्रार नाही. खाली तिने सावकाश लिहिलं, पुष्पाबाई हिलाल महाजन. लग्नाला बारा वर्षं झाली, नवऱ्याचं नाव तिने उखाण्याशिवाय कधी तोंडाने घेतलं नव्हतं. त्या कागदावर लिहिलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, मेलेला उठत नाही मावशी, जिवंत तर घरी येऊ दे.

गजेंद्र पावणेचारला सुटला. पुढच्या आठवड्यात त्याला बढती मिळाली. तो आता पांढऱ्या भिंतीमागचा बॉयलर चालवतो. तिथल्या खिडकीतल्या चार विटा काढल्यात, हवेसाठी. शेठला मुंबईत बोलावून शाल दिली म्हणे, कोळसा सोडल्याबद्दल. वीस कुपनं माझ्याकडे लागली. मी ती परत केली नाहीत. ऐंशी माणसांचा संसार मलाही चालवायचाय, आणि हे सांगताना माझी मान वर नाही.

पुष्पाबाई माझ्याकडे भाकऱ्या थापायला येते. तिच्या सासूने अमळनेरहून निरोप धाडला, माझ्या माळकरी पोराच्या नावाला काळं फासणारीने दारात येऊ नये. ती गेली नाही. मी एकदा म्हटलं, मी येते, म्हातारीला सांगते. ती म्हणाली, म्हातारी गावभर सांगेल, आणि गजेंद्र परत आत जाईल.

परवा शेजारच्या खोलीत जालन्याकडची नवी बाई राहायला आली. पोरगं कडेवर घेऊन परातीशी टेकली आणि सहज विचारलं, मालक काय करायचे, कशाने गेले?

पुष्पाबाईने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"दारू प्यायचे," ती म्हणाली.

ती बाई हळहळली, चांगलं झालं सुटलीस म्हणाली. मी तिथेच कांदा चिरत होते. मी पुढचा कांदा घेतला.